एका टोचणीचा इतिहास

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या बंदरातून पाच भारतीय डॉक्टर चीनला जाण्यासाठी निघाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला वैद्यकीय मदत म्हणून काँग्रेसने हे पथक पाठविले होते. सुभाषचंद्र बोस त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते. पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. अटल. त्यांच्याबरोबर कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर असे चौघे होते. कोटणीसांचे नाव आपल्याला पाठ्यपुस्तकातून आणि चित्रपटातून माहीत असते. चोळकरांचे नाव मात्र नागपुरातही फारसे कुणाला आठवत नाही. १९३९ मध्ये ते मायदेशी परतले. कोटणीस मागे राहिले.

याच युद्धात याच सुमारास एक कॅनेडियन शल्यविशारद काम करीत होता. त्याचे नाव नॉर्मन बेथ्यून. स्पेनच्या यादवी युद्धात बाटल्यांतून रक्त घेऊन थेट आघाडीवर जाणारे फिरते रक्तपेढी-पथक त्याने उभे केले होते. चीनच्या डोंगराळ भागात तो खेड्यांतल्या घरांत, देवळांत शस्त्रक्रिया करीत असे. १९३९ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस शस्त्रक्रिया करताना त्याच्या बोटाला जखम झाली. रबरी हातमोजे शिल्लक नव्हते. जखम क्षुल्लक होती, म्हणून त्याने काम थांबविले नाही. पुढच्याच दिवसांत पू झालेल्या, जंतुसंसर्ग झालेल्या एका सैनिकावर त्याने उघड्या हातांनी शस्त्रक्रिया केली. बोट सुजले, ताप चढला, जंतू रक्तात पसरले. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून मरण पावला. पेनिसिलिन तेव्हा रुग्णांपर्यंत पोचलेले नव्हते. बेथ्यूनच्या नावाने सुरू झालेल्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये आपल्या कोटणीसांनी स्वीकारली.

बेथ्यूनसारखा कुशल, अनुभवी शल्यविशारद बोटावरच्या एका जखमेने जातो, याचा अर्थ काय घ्यायचा? 'तो निष्काळजी होता' असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण त्या दिवशी त्याच्याजवळ हातमोजे असते, तर? रुग्णसेवा करणाऱ्याला रुग्णाच्या रक्तापासून किंवा पुवापासून होणारी इजा हा त्याचा व्यक्तिगत दोष मानायचा, की कामाच्या व्यवस्थेतील उणीव मानायची? या प्रश्नाचे उत्तर शोधायला वैद्यकाला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. ती कथा आपण क्रमाने पाहू.

व्हिएन्नातील सुरी

मार्च १८४७. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात न्यायवैद्यकाचे प्राध्यापक कोलेट्श्का शवविच्छेदन शिकवीत होते. विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्यांच्या बोटाला लागली. काही दिवसांतच ते वारले. त्याच रुग्णालयाच्या प्रसूतिविभागात त्यांचे मित्र इग्नाझ सेमेलवाइस काम करीत होते. तेथे सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतर येणाऱ्या जीवघेण्या तापाने, स्त्रिया मोठ्या संख्येने मरत होत्या आणि त्याचे कारण कुणालाच सापडत नव्हते.

कोलेट्श्कांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना सेमेलवाइसच्या लक्षात आले की मित्राच्या शरीरात जे बिघाड आढळले, तेच त्या बाळंतिणींच्या शरीरातही आढळतात. म्हणजे रोग एकच. मित्राच्या शरीरात प्रेतातील काहीतरी सुरीने घुसविले. मग बाळंतिणींच्या शरीरात ते कोण नेत होते? उत्तर भयंकर होते. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांचे आणि विद्यार्थ्यांचे हात! मे महिन्यात सेमेलवाइसने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांहून अधिक असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये अडीच टक्क्यांच्या खाली आले.

वर्गात ही गोष्ट आपण हात धुण्याचे महत्त्व सांगण्यासाठी वापरतो. पण तिची सुरुवात कशाने झाली हे सांगायचे राहून जाते. ती सुरू झाली एका शिक्षकाला काम करताना झालेल्या जखमेने. रुग्णाची सुरक्षितता आणि रुग्णसेवकाची सुरक्षितता ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, हे त्या जखमेने दाखविले.

हातमोज्यांची कथाही अशीच आहे. १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने रबर कंपनीकडून पातळ हातमोजे बनवून घेतले. ते रुग्णासाठी नव्हतेच. शस्त्रक्रियागृहातील प्रमुख परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा जंतुनाशक द्रावणातील पाऱ्याच्या क्षाराने सोलून निघत होती, तिच्या रक्षणासाठी ते होते. हातमोजे घातले की रुग्णाच्या जखमाही कमी चिघळतात, हे नंतर ध्यानात आले.

न दिसणारा शत्रू

कोलेट्श्का आणि बेथ्यून यांचा शत्रू निदान दिसत तरी होता. समोर प्रेत होते किंवा पुवाने भरलेली जखम होती, आणि आजारही काही दिवसांतच उघड झाला. दुसरा शत्रू याहून फसवा निघाला. त्याची पहिली ठळक खूण १८८३ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन येथे मिळाली. एका जहाजबांधणी कारखान्यातील १२८९ कामगारांना देवीची लस टोचण्यात आली. त्या काळी लस माणसाच्या फोडातील द्रवापासूनही बनवीत. पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. ज्या कामगारांना दुसऱ्या द्रवापासूनची लस मिळाली होती, ते मात्र निरोगी राहिले. ल्यूरमान या डॉक्टरने १८८५ मध्ये हे नोंदवून ठेवले. ही तुलना विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावी. विषाणू हा शब्दही रूढ नसताना केवळ 'कुणाला झाले आणि कुणाला झाले नाही' हे नीट मोजून एका डॉक्टरने दोष लशीच्या द्रवात आहे हे ओळखले.

१९४२ मध्ये हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली. अमेरिकी सैनिकांना पीतज्वराची लस दिली गेली. ती टिकावी म्हणून तीत मानवी रक्तद्रव मिसळला होता. सुमारे पन्नास हजार सैनिक काविळीने रुग्णालयात दाखल झाले. अन्नपाण्यातून पसरणारी कावीळ आणि रक्तातून पसरणारी कावीळ वेगळ्या आहेत, हे आता स्पष्ट झाले. १९४७ मध्ये मॅक्कॅलम यांनी त्यांना 'ए' आणि 'बी' अशी नावे सुचविली.

रक्तातून कावीळ पसरत असेल, तर रोज रक्त हाताळणाऱ्यांचे काय? १९४९ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात रक्तपेढीत काम करणाऱ्या व्यक्तीला झालेल्या अशा काविळीची नोंद प्रसिद्ध झाली. मग एकामागून एक नोंदी येत गेल्या. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, दंतवैद्य, शल्यविशारद, परिचारिका. १९६९-७० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे डायलिसिस विभागात साथ आली, तेव्हा रुग्णांबरोबर रुग्णालयातील कर्मचारीही दगावले.

शत्रूची ओळख पटली तीही एका कर्मचाऱ्याच्या आजारातूनच. बरुच ब्लुमबर्ग यांना १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी व्यक्तीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडले होते. त्याचा अर्थ मात्र लागत नव्हता. १९६७ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ स्त्रीला बरे वाटेनासे झाले. तिने स्वतःचे रक्त तपासले. पूर्वी जे प्रथिन तिच्या रक्तात नव्हते, ते आता होते! त्या प्रथिनाचा आणि काविळीचा संबंध असावा, या संशयाला त्यामुळे बळकटी आली. ते प्रथिन म्हणजे 'हेपॅटायटिस बी' विषाणूचे बाह्य आवरण होते. ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९८१ मध्ये अमेरिकेत या विषाणूविरुद्धची लस आली आणि १९८६ मध्ये जनुकीय तंत्राने यीस्टमध्ये बनविलेली लस आली. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये अशी भारतीय लस बाजारात आणली, आणि सामान्य परिचारिकेला परवडेल अशा किमतीत ती मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

हा विषाणू फसवा का, ते लक्षात घ्या. एक तर ज्याच्या रक्तात तो आहे, ती व्यक्ती वर्षानुवर्षे ठणठणीत दिसू शकते. दुसरे, टोचणी आणि आजार यांत एक ते सहा महिन्यांचे अंतर असते. तीन महिन्यांपूर्वी टोचलेली सुई कुणाला आठवणार? त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड बसत नाही आणि टोचणी ही 'होतच असते' अशी बाब बनून जाते.

चेहऱ्यावरून ओळख नाही

१९८१ मध्ये एड्सच्या पहिल्या नोंदी झाल्या. १९८४ च्या अखेरीस 'लॅन्सेट'मध्ये इंग्लंडमधील एका परिचारिकेची हकीगत आली. रुग्णाचे रक्त असलेली सुई टोचल्यामुळे तिला या विषाणूचा संसर्ग झाला होता. हेपॅटायटिसने जी जाग आली नव्हती, ती या एका घटनेने आली. भारतात १९८६ मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या एच.आय.व्ही. बाधित व्यक्ती शोधून काढल्या, आणि आपल्या रुग्णालयांतही भीती शिरली.

भीतीची पहिली प्रतिक्रिया असते 'त्यांना' वेगळे काढण्याची. शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांची तपासणी करा, बाधितांच्या खाटेवर खूण लावा, म्हणजे आपण सुरक्षित. हा विचार माणुसकीला सोडून तर आहेच, पण शास्त्रालाही धरून नाही. संसर्ग झाल्यानंतरचा काही काळ तपासणीत काहीच दिसत नाही. त्याला गवाक्षकाळ म्हणतात. शिवाय अपघातात सापडलेला रुग्ण तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबत नाही. ज्याच्या खाटेवर खूण नाही, त्याच्याबाबत हात सैल पडतो, आणि धोका नेमका तेथेच असतो.

म्हणून १९८५ पासून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने उलटा नियम मांडला आणि १९८७ मध्ये तो विस्ताराने प्रसिद्ध केला. कुणाचेही रक्त असो, ते संसर्गजन्य आहे असे समजूनच हाताळायचे. याला 'सार्वत्रिक दक्षता' म्हणतात. रुग्ण आमदार असो की भिकारी, हातमोजे तेच, सुईची पेटी तीच. वैद्यकाच्या इतिहासात समतेचे तत्त्व आणि सुरक्षिततेचे तत्त्व इतके एकरूप क्वचितच झाले असेल.

या दक्षतेतील बहुतेक गोष्टी साध्या आहेत. वापरलेल्या सुईला दोन हातांनी टोपण लावायचे नाही, कारण टोपण धरलेल्या हातालाच सुई लागते. सुई जेथे वापरली तेथेच, न भोसकली जाणाऱ्या डब्यात टाकायची. डबा काठोकाठ भरायचा नाही. हातमोजा सुईला अडवू शकत नाही, पण आत शिरता शिरता सुईवरचे बरेचसे रक्त पुसून घेतो. पोकळ सुई भरीव सुईपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्या नळीत रक्त साठलेले असते.

आकडे काय सांगतात?

बाधित व्यक्तीच्या रक्ताने माखलेली सुई लस न घेतलेल्या हजार जणांना टोचली, असे समजू या. हेपॅटायटिस बी असेल तर साठपासून तीनशेपर्यंत लोकांना संसर्ग होऊ शकतो. हेपॅटायटिस सी असेल तर जुन्या अंदाजाप्रमाणे अठरा, आणि अलीकडच्या पाहणीनुसार दोनच्या आसपास. एच.आय.व्ही. असेल तर तीन. ज्याची सर्वांना भीती वाटते त्या विषाणूचा धोका हेपॅटायटिस बी पेक्षा वीस ते शंभर पटींनी कमी आहे, आणि ज्याची लस उपलब्ध आहे त्याच विषाणूचा धोका सर्वांत अधिक! लस व दक्षता यांच्या जोरावर अमेरिकेत १९८३ ते १९९५ या काळात आरोग्यसेवकांमधील हेपॅटायटिस बी चा संसर्ग सुमारे ९५ टक्क्यांनी घटला.

एच.आय.व्ही. साठी लस नाही. पण टोचणीनंतर लगेच औषध घेतले तर? याचा प्रयोग करणे अवघड होते. टोचणी झालेल्या निम्म्या लोकांना औषध द्यायचे आणि निम्म्यांना केवळ बघत बसायचे, हे नीतीत बसत नाही. शिवाय हजारात तिघांना होणारा संसर्ग मोजायला हजारो माणसे लागतील. मग संशोधकांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन व इटलीतील ज्या ३३ आरोग्यसेवकांना टोचणीने संसर्ग झाला होता, त्यांची तुलना टोचणी होऊनही संसर्ग न झालेल्या सहाशेहून अधिक जणांशी केली. १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. झिडोव्हुडिन हे औषध घेतलेल्यांमध्ये संसर्गाचा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी होता. जखम खोल असणे, सुईवर रक्त दिसणे, ती थेट शिरेत किंवा धमनीत घातलेली असणे यांनी धोका वाढतो, हेही त्याच अभ्यासातून कळले. ल्यूरमानने ब्रेमेनमध्ये केलेली तुलना आणि ही तुलना यांत शंभर वर्षांचे अंतर आहे, पण विचाराची रीत एकच आहे.

आज टोचली तर

आता टोचणीनंतर काय करायचे याची पायरी ठरलेली आहे. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची. डोळ्यात रक्त उडाले तर भरपूर पाण्याने डोळा धुवायचा. बोट पिळायचे नाही, तोंडात घालायचे नाही, त्यावर स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचे नाही, कारण पिळण्याने आणि जळजळीत द्रवाने पेशींना इजा होते व संसर्गाला वाट मिळू शकते. मग लगेच कळवायचे. रुग्णाच्या संमतीने त्याचे रक्त तपासायचे. गरज असल्यास एच.आय.व्ही. विरोधी औषध शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करायचे. बहात्तर तासांनंतर त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे सध्या टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्यूटेग्रॅव्हिर ही तीन औषधे अठ्ठावीस दिवस देतात. हेपॅटायटिस बी ची लस झालेली नसेल तर लस आणि तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देतात. हेपॅटायटिस सी ला प्रतिबंधक औषध नाही, परंतु संसर्ग झालाच तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या गोळ्या मोफत मिळतात.

या सगळ्यात 'लगेच कळवायचे' ही पायरी सर्वांत अवघड आहे. नागपूरच्या 'मेयो'त किंवा 'मेडिकल'मध्ये, किंवा कोणत्याही गावच्या दवाखान्यात पाहा. सुई वापरणारे हात डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे असतात, पण ती सुई चुकून कचऱ्याच्या पिशवीत गेली की लागते ती वॉर्डातल्या मावशींना किंवा कचरा उचलणाऱ्या मामांना. ती सुई कुणासाठी वापरली होती हे त्यांना ठाऊक नसते. बोलले तर 'तुम्हीच नीट पाहून काम करत नाही' असे ऐकावे लागेल, कंत्राटी काम सुटेल, घरी काय सांगायचे, या विचारात दोन तास निघून जातात. कधी बहात्तरही जातात. शास्त्राने दिलेली मुदत अशी संकोचात संपते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९९८ मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम झाले. २०१६ च्या नव्या नियमांनुसार सुया व पाती पांढऱ्या अर्धपारदर्शक, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यातच टाकायची आहेत आणि हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याच्या १९ व्या कलमानुसार आरोग्यसंस्थेने तेथे काम करणाऱ्या सर्वांना दक्षतेची साधने, प्रशिक्षण आणि टोचणीनंतरचा उपचार पुरविला पाहिजे. 'काम करणाऱ्या सर्वांना' या शब्दांत मावशी आणि मामाही येतात. टोचणी हा टोचलेल्याचा दोष नाही, ती व्यवस्थेची जबाबदारी आहे. बेथ्यूनच्या बोटाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अखेर कायद्याच्या पुस्तकात आले.

वर्गात काय करता येईल?

आपले काही विद्यार्थी उद्या परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेचे चालक, सफाई कामगार होणार आहेत. त्यांना हे शाळेतच कळले तर बरे. खेळताना मुलाचे नाक फुटले, गुडघा सोलवटला तर मदत करण्यापूर्वी हातमोजे घालण्याची सवय शिक्षकांनी स्वतः लावून घ्यावी. प्रथमोपचार पेटीत हातमोज्यांची जोडी ठेवावी. रक्तगट तपासण्याचा प्रयोग करताना प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नवी निर्जंतुक लॅन्सेट असेल, तरच तो करावा. नसेल तर तो न करणे हाच त्या दिवशीचा विज्ञानाचा धडा समजावा. वरचे हजार टोचण्यांचे आकडे आलेखात मांडायला सांगावेत, आणि लोक कशाला घाबरतात व खरा धोका कशाचा असतो यावर चर्चा घडवावी.

आणि घरचे कुणी रुग्णालयात काम करीत असेल, तर विद्यार्थ्यांनी त्यांना संध्याकाळी दोनच प्रश्न विचारावेत. 'कावीळ बी ची लस घेतली का? आणि सुई लागली तर कुणाला सांगायचे, ते ठाऊक आहे का?' एखाद्या घरी या दोन प्रश्नांची उत्तरे 'नाही' अशी आली, तर आपल्या पुढच्या तासाला नेमके काय शिकवायचे ते आपल्याला कळेल.